नाव तेच, क्रमांक नवा: लिनक्सवरच्या खात्याचा यूआयडी बदलताना

जुन्या संगणकातली हार्ड डिस्क काढून नव्याला जोडली. फोटोंचं फोल्डर दिसतंय, फायलींची नावंही दिसताहेत, पण उघडायला गेलं की 'परवानगी नाही'. किंवा घरातल्या दोन संगणकांनी नेटवर्कवरून एकच फोल्डर वापरायचं ठरवलं, तर एकाची फाइल त्याला स्वतःलाच बदलता येत नाही आणि भलत्याच माणसाला मात्र सहज बदलता येते. लिनक्स वापरणाऱ्यांना असे अनुभव कधी ना कधी येतात. नाव तेच, पासवर्ड तोच, मग अडतं कुठे? अडतं ते खात्याच्या क्रमांकावर. या क्रमांकाला यूआयडी म्हणतात.

हा क्रमांक बदलता येतो आणि बदलणारी कमांड एका ओळीची आहे. खरं काम त्या ओळीच्या आधी आणि नंतर असतं. जुन्या क्रमांकाच्या मालकीचं संगणकात कुठे काय आहे ते आधी शोधायचं आणि बदल झाल्यावर ते सगळं नव्या क्रमांकावर चढवायचं. या दोन पायऱ्या गाळल्या, तर आपल्याच फायली आपल्याला परक्या होतात. इथे दिलेली पद्धत उबुंटू, लिनक्स मिंट, डेबियन आणि फेडोरा या चारही ठिकाणी चालते. जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

एक सूचना आधीच. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. स्पेलिंगचा घोळ होण्यासारखा असेल तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत.

क्रमांक राहतो कुठे

लिनक्समध्ये 'इटीसी' या फोल्डरात 'पी-ए-एस-एस-डब्ल्यू-डी' नावाची साधी मजकुराची फाइल असते. प्रत्येक खात्याची त्यात एक ओळ, आणि ओळीत कोलनने (:) तोडलेले सात रकाने. समजा, खात्याचं नाव सुमती आहे. तिची ओळ साधारण अशी दिसेल:

सुमती:एक्स:१०००:१०००:सुमती:/होम/सुमती:/बिन/बॅश

पहिला रकाना नावाचा. दुसऱ्यातला 'एक्स' म्हणजे पासवर्ड इथे नाही, तो 'शॅडो' नावाच्या वेगळ्या फाइलीत आहे. तिसरा रकाना यूआयडीचा, चौथा मुख्य गटाचा, म्हणजे जीआयडीचा. मग पूर्ण नाव, घरचं फोल्डर आणि शेवटी शेल.

डिस्कवरच्या फाइलीला मात्र सुमती हे नाव माहीतच नसतं. ईएक्सटी४सारख्या फाइल सिस्टिममध्ये प्रत्येक फाइलीच्या नोंदीत मालकाचा फक्त आकडा लिहिलेला असतो. 'एलएस -एल' ही कमांड दिली की संगणक तो आकडा घेतो, वरच्या फाइलीत शोधतो आणि सापडलेलं नाव आपल्याला दाखवतो. सापडलं नाही तर नावाच्या जागी नुसता १००० दिसतो. 'एलएस -एन' दिलं तर सगळीकडे थेट आकडेच दिसतात. हातात टर्मिनल असेल तर या दोन कमांड आपल्या घरच्या फोल्डरात एकदा चालवून पाहा. पुढचं सगळं सोपं जाईल.

म्हणूनच खात्याच्या ओळीतला आकडा बदलला तरी फायलींवरचा जुना आकडा आपोआप बदलत नाही. जमिनीचा व्यवहार झाला, तरी फेरफार होऊन सातबाऱ्यावर नोंद चढेपर्यंत तिथे जुनंच नाव राहतं, तसंच हे. पासवर्ड मात्र नावाशी बांधलेला असल्यामुळे क्रमांक बदलला तरी तोच चालतो.

कोणता आकडा कोणाचा

० हा क्रमांक रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा. १ ते ९९९ हे आकडे छपाई, नेटवर्क अशा सेवांच्या खात्यांसाठी राखलेले असतात. माणसांची खाती १००० पासून सुरू होतात. फेडोरात पूर्वी ती ५०० पासून सुरू होत. २०११ च्या फेडोरा १६ पासून तिथेही १००० आले. जुन्या डिस्कवर मालक म्हणून ५०० दिसला, तर त्याचं कारण बहुधा हेच. मॅकवर पहिलं खातं ५०१ असतं. ६५५३४ हा आकडा 'नोबडी'चा. त्याला हात लावायचा नाही.

उबुंटू बसवताना तयार होणारं पहिलं खातं १००० क्रमांकाचं असतं, आणि ते सगळ्यांच्याच संगणकावर असतं. तुमची ईएक्सटी४ डिस्क शेजाऱ्यांच्या लिनक्स संगणकाला जोडली, तर तिथला १००० तुमच्या फायलींचा मालक ठरतो. तेव्हा घराबाहेर जाणाऱ्या डिस्कचं रक्षण परवानग्यांवर सोडू नका. त्यासाठी लक्स पद्धतीचं एन्क्रिप्शन हवं.

नवा आकडा निवडताना २००० ते ५९९९९ या पट्ट्यात राहा. नेहमीच्या मांडणीत माणसांच्या खात्यांची वरची मर्यादा ६०००० असते. मॅकशी जुळावं म्हणून लिनक्सवर ५०१ घेण्याचा मोह टाळा. १००० च्या खालचं खातं सेवेचं समजलं जातं आणि लॉगिनच्या पडद्यावर त्याचं नाव सहसा येत नाही.

बदलाची खरंच गरज आहे का

बऱ्याच वेळा नसते. प्रश्न एकाच डिस्कचा असेल आणि ती यापुढे याच संगणकावर राहणार असेल, तर खात्याला धक्का न लावता त्या डिस्कवरच्या फोल्डरची मालकी बदलणं पुरतं. पेन ड्राइव्ह एफएटी३२ किंवा एक्सफॅट असेल, तर त्यावर मालकाचा आकडा लिहिलेलाच नसतो. जोडणाऱ्याला मालक मानलं जातं. विंडोजच्या एनटीएफएस विभाजनासाठी माउंट करतानाच मालक कोण ते सांगता येतं. नेटवर्कवर सांबा वापरत असाल, तर तो नाव आणि पासवर्ड विचारतो, त्यामुळे दोन्हीकडचे आकडे जुळायची गरज राहत नाही.

खरी गरज पडते ती तीन प्रसंगी. पहिला, नेटवर्कवरून फोल्डर वाटून घेण्यासाठी एनएफएस वापरताना; नेहमीच्या मांडणीत एनएफएसचा सर्व्हर समोरून आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवतो, म्हणून प्रत्येक संगणकावर त्याच माणसाचा तोच आकडा असावा लागतो. दुसरा, ईएक्सटी४ डिस्क दोन संगणकांमध्ये कायम ये-जा करत असेल तेव्हा. तिसरा, 'होम' विभाजन तसंच ठेवून लिनक्स नव्याने बसवलं आणि घरातल्या दोघांची खाती उलट्या क्रमाने तयार झाली, तर एकाच्या फायली दुसऱ्याच्या मालकीच्या झालेल्या असतात. यातल्या एखाद्या प्रसंगात तुम्ही असाल तर पुढे चला.

पूर्वतयारी

आधी बॅकअप. तो ईएक्सटी४ असलेल्या बाहेरच्या डिस्कवर घ्या, कारण एक्सफॅटवर नुसती कॉपी केली तर मालकी आणि परवानग्या गळून पडतात. टाइमशिफ्ट वापरत असाल, तर नेहमीच्या मांडणीत ते घरचं फोल्डर धरत नाही हे विसरू नका. आरसिंक वापरत असाल तर 'न्यूमेरिक-आयडीज' हा पर्याय द्या, म्हणजे नावांच्या ऐवजी आकडेच जसेच्या तसे जपले जातात.

मग मदतीचं खातं. ज्या खात्यात आपण बसलो आहोत त्याचाच क्रमांक बदलता येत नाही. चालू प्रोग्रॅम त्या क्रमांकाने धावत असतात आणि कमांड नकार देते. म्हणून प्रशासकाचे अधिकार असलेलं दुसरं खातं तात्पुरतं तयार करा, आणि त्याला मुद्दाम लांबचा आकडा द्या. नाहीतर तुम्हाला हवा असलेलाच आकडा ते पटकवायचं.

सुडो युजरअ‍ॅड -एम -यू ५००० -एस /बिन/बॅश मदत

सुडो पासडब्ल्यूडी मदत

सुडो युजरमॉड -एजी सुडो मदत

तिसऱ्या ओळीतलं 'ए' लहान आणि 'जी' मोठं अक्षर आहे. फेडोरावर शेवटून दुसऱ्या शब्दाच्या जागी 'व्हील' लिहा. 'ए' मात्र विसरू नका. पुढे कधी हीच ओळ आपल्या रोजच्या खात्यासाठी 'ए'शिवाय दिली, तर ते बाकीच्या सगळ्या गटांतून बाहेर पडतं.

आता नवा आकडा रिकामा आहे ना, ते तपासा. 'गेटएंट पासडब्ल्यूडी २००१' आणि 'गेटएंट ग्रुप २००१' या दोन्हींना काहीच उत्तर आलं नाही, तर तो आकडा कुणाचा नाही. त्या आकड्याच्या बेवारस फायलीही नाहीत ना, हे 'सुडो फाइंड / -एक्सडेव्ह -यूआयडी २००१'ने पाहून घ्या. उद्या बदल मागे फिरवायची वेळ आली, तर ही रिकामी जागाच तुम्हाला वाचवते.

सुमतीच्या खात्यात आपोआप लॉगिन होत असेल, तर ते सेटिंग्जमध्ये बंद करा. मग संगणक पुन्हा सुरू करून मदतीच्या खात्यात लॉगिन करा, टर्मिनल उघडा आणि जुन्या मालकीची यादी एका फाइलीत काढून ठेवा:

सुडो फाइंड / -एक्सडेव्ह -यूआयडी १००० > यादी

'एक्स-डी-ई-व्ही' या पर्यायामुळे शोध एकाच फाइल सिस्टिमपुरता राहतो आणि प्रॉक, सिस अशा आभासी फोल्डरांत भरकटत नाही. 'होम' वेगळ्या विभाजनावर असेल, तर '/' च्या जागी '/होम' लिहून हीच कमांड पुन्हा द्या आणि यादीला दुसरं नाव द्या. ही यादी सावकाश वाचा. घरच्या फोल्डराबाहेर आपलं काय काय आहे हे तिथे पहिल्यांदाच एकत्र दिसतं.

प्रत्यक्ष बदल

पहिली पायरी, खात्याचा आकडा:

सुडो युजरमॉड -यू २००१ सुमती

ही कमांड ओळीतला आकडा बदलते आणि घरच्या फोल्डरातल्या, सुमतीच्या मालकीच्या फायलींवरही नवा आकडा चढवते. फायली खूप असतील तर वेळ लागतो. मध्येच बंद करू नका. खातं अजून एखाद्या प्रोसेसच्या वापरात असल्याचा निरोप आला, तर 'सुडो लॉगिनसीटीएल टर्मिनेट-युजर सुमती' देऊन उरलेले प्रोग्रॅम थांबवा आणि पुन्हा प्रयत्न करा.

दुसरी पायरी, गटाचा आकडा:

सुडो ग्रुपमॉड -जी २००१ सुमती

सुमतीच्या ओळीतला चौथा रकाना यामुळे आपोआप सुधारतो. फायलींवरचा गटाचा आकडा मात्र ही कमांड अजिबात बदलत नाही, अगदी घरच्या फोल्डरातलाही नाही. अर्धवट काम बहुतेक वेळा इथेच राहतं.

तिसरी आणि चौथी पायरी, उरलेल्या फायली:

सुडो फाइंड / -एक्सडेव्ह -यूआयडी १००० -एक्झेक चाउन -एच २००१ {} +

सुडो फाइंड / -एक्सडेव्ह -जीआयडी १००० -एक्झेक सीएचग्रुप -एच २००१ {} +

चाउनचं स्पेलिंग 'सी-एच-ओ-डब्ल्यू-एन', सीएचग्रुपचं 'सी-एच-जी-आर-पी'. दोन्हींतला 'एच' महत्त्वाचा आहे. घरच्या फोल्डरात दुसऱ्या ठिकाणाकडे बोट दाखवणाऱ्या लिंक असतात. 'एच' नसेल तर लिंक जशीच्या तशी राहते आणि ती ज्या फाइलीकडे बोट दाखवते तिची मालकी बदलते. ती फाइल सिस्टिमचीही असू शकते. वेगळ्या विभाजनांसाठी आणि नेहमी जोडल्या जाणाऱ्या ईएक्सटी४ डिस्कांसाठी या दोन्ही ओळी पुन्हा चालवा.

'चाउन -आर' वापरून एका फटक्यात सगळं घर नव्या नावावर करावं असं वाटतं, पण तसं करू नका. पॉडमॅनसारखं कंटेनर चालवणारं साधन वापरत असाल, तर घरच्या फोल्डरातच १००००० च्या पुढच्या आकड्यांच्या फायली असतात, आणि त्या तशाच राहायला हव्यात. 'फाइंड' फक्त जुन्या आकड्याच्या फायलींना हात लावतो. आणि '-आर' चुकून '/' वर चालला तर सुडोच्या स्वतःच्या फाइलीची मालकीही बदलते. मग सुडो आपला मालक ० क्रमांकाचा असायला हवा एवढंच सांगून थांबतो आणि दुरुस्तीची सोपी वाट बंद होते.

नजरेतून सुटणाऱ्या जागा

फायलींवरचा मालकाचा आकडा बदलला तरी इतर काही ठिकाणी जुना आकडा लिहिलेला राहतो, आणि तो 'फाइंड'ला सापडत नाही.

- एफएसटॅब. विंडोजचं विभाजन आपोआप जोडलं जात असेल, तर इटीसीमधल्या या फाइलीत 'यूआयडी=१०००, जीआयडी=१०००' असं लिहिलेलं असण्याची शक्यता असते. ते हाताने बदला.

- बाहेरच्या डिस्कवरची कचरापेटी. पेन ड्राइव्हवरून काढून टाकलेल्या फायली '.ट्रॅश-१०००' अशा लपलेल्या फोल्डरात जातात. नावातला आकडा म्हणजे आपला यूआयडी. क्रमांक बदलल्यावर डेस्कटॉप '.ट्रॅश-२००१' शोधतो, त्यामुळे जुन्या फायली पेटीत दिसत नाहीत आणि जागा मात्र अडलेली राहते. फोल्डरचं नाव बदला किंवा आत नको असलेलंच असेल तर ते काढून टाका.

- विशेष परवानग्या. एखाद्या फोल्डरावर सुमतीला वेगळा हक्क दिला असेल, तर तो एसीएलमध्ये आकड्यानेच नोंदलेला असतो. 'गेटफॅकल -एन'ने तो दिसतो. 'सेटफॅकल'ने नव्या आकड्याला हक्क द्या आणि जुन्याचा काढा.

- डॉकरच्या मांडणीच्या फायली. त्यांत १००० हा आकडा किंवा पीयूआयडी नावाचं मूल्य लिहिलेलं असतं. ते बदलून कंटेनर पुन्हा सुरू करा.

- स्वतः तयार केलेल्या स्क्रिप्ट. '/रन/युजर/१०००' हा पत्ता त्यात थेट लिहिला असेल तर ती चालायची थांबते. ते फोल्डर प्रत्येक लॉगिनला नव्या आकड्याने तयार होतं.

- सेटयूआयडी, म्हणजे फाइल तिच्या मालकाच्या अधिकाराने चालवणारी खूण. चालवता येणाऱ्या फाइलीची मालकी बदलली की तिच्यावरची ही खूण पुसली जाते. घरगुती खात्यात अशी फाइल क्वचितच असते. पण 'फाइंड'मध्ये '-पर्म /६०००' जोडून आधीच यादी काढली असेल, तर नंतर ती खूण परत देता येते.

दोघांच्या आकड्यांची अदलाबदल

समजा, सुमती १००० आणि आनंद १००१ आहे आणि त्यांचे आकडे उलटे करायचे आहेत. थेट अदलाबदल करता येत नाही. सुमतीला आधी ३००० द्या आणि तिच्या सगळ्या फायली ३००० वर न्या. मग आनंदला १००० द्या, त्याच्या फायली हलवा. शेवटी सुमतीला ३००० वरून १००१ वर आणा. प्रत्येक टप्प्यावर चारही पायऱ्या पूर्ण करूनच पुढचा टप्पा घ्या. दोघांच्या फायली एकदा एकाच आकड्याखाली आल्या, तर नंतर त्या वेगळ्या करायला बॅकअपशिवाय खात्रीचा मार्ग उरत नाही.

तपासणी

'आयडी सुमती' ही कमांड द्या. यूआयडी आणि जीआयडी दोन्ही २००१ दिसले पाहिजेत आणि बाकीचे गट पूर्वीसारखेच असले पाहिजेत. मग 'सुडो फाइंड / -एक्सडेव्ह -नोयुजर' आणि तशीच 'नोग्रुप'ची कमांड द्या. कोणत्याही खात्याशी न जुळणाऱ्या फायली त्यात दिसतात. त्यात १००० आकड्याची एखादी फाइल उरली असेल तर ती आत्ताच हलवा. पुढे याच संगणकावर कुणाला नवं खातं देताना १००० हा आकडा पुन्हा वापरला गेला, तर त्या उरलेल्या फायली नव्या माणसाच्या होऊन बसतात.

आता संगणक पुन्हा सुरू करून सुमतीच्या खात्यात जा. ब्राउझर उघडा, एखादी जुनी फाइल बदलून साठवा, प्रिंट काढून पाहा, ठरलेल्या वेळी चालणारी क्रॉनची कामं होताहेत का बघा. काही दिवस सगळं सुरळीत चाललं की 'सुडो युजरडेल -आर मदत' देऊन मदतीचं खातं काढा. बॅकअप मात्र एवढ्यात पुसू नका.

मॅक आणि विंडोजवर काय

मॅकवर 'युजर्स अँड ग्रुप्स'मध्ये खात्याच्या प्रगत पर्यायांत यूआयडीचा रकाना आहे, पण तिथे आकडा बदलल्याने फायलींची मालकी बदलत नाही. ती कामं हातानेच करावी लागतात. विंडोजची रीत निराळी. तिथे प्रत्येक खात्याला एसआयडी नावाची लांबलचक ओळख असते आणि ती बदलायची नसते. जुन्या डिस्कवरचं फोल्डर उघडत नसेल, तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, मग अ‍ॅडव्हान्स्ड इथे जाऊन मालकी आपल्या नावावर करून घेणं हाच मार्ग.

ही सगळी खटपट टाळायची वेळ असते ती खातं तयार करताना. घरात, शाळेच्या संगणक कक्षात किंवा छोट्या कार्यालयात एकाहून जास्त लिनक्स संगणक असतील, तर प्रत्येक माणसाला एक आकडा ठरवून द्या आणि प्रत्येक संगणकावर 'युजरअ‍ॅड'ला '-यू' देऊन तोच वापरा. नावं आणि आकड्यांचा तो तक्ता कागदावर लिहून बॅकअपच्या डिस्कसोबत ठेवा. संगणक बदलतील, लिनक्सच्या आवृत्त्या बदलतील. तक्ता हाताशी असला की दहा वर्षांपूर्वीची डिस्कही कोणताही आकडा न बदलता तिच्या मालकाला उघडता येईल.